उष्णतेतून वीज देणारी चॅल्कोजेनाइड्स

• काय? गंधक, सेलेनियम किंवा टेल्युरियम यांची इतर मूलद्रव्यांशी झालेली संयुगे. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात भौतिकशास्त्र विभागात त्यांच्या काचरूप मिश्रणांवर संशोधन होते.

• तत्त्व : पदार्थाचे एक टोक तप्त, दुसरे थंड राहिले की विद्युतदाब निर्माण होतो. भौतिकशास्त्रज्ञ सीबेक यांनी १८२१मध्ये हा परिणाम नोंदवला.

• कसोटी : वीज सहज वाहावी, उष्णता मात्र अडावी. जड अणू आणि मिश्र रचना उष्णता वाहणारी कंपने विखुरतात.

• कुठे कोणते? खोलीच्या तापमानाजवळ बिस्मथ टेल्युराइड. सुमारे ५०० अंश सेल्सिअसला लेड टेल्युराइड.

• वापर : २०१२मध्ये मंगळावर उतरलेली ‘क्युरिऑसिटी’ बग्गी प्लुटोनियमच्या उष्णतेतून अशीच वीज मिळवते. कारखान्यांच्या धुराड्यांतून वाया जाणारी उष्णताही उद्या कामी यायला हवी.