दवाखान्याच्या फाटकावरचा माणूस

किनवटच्या आसपासच्या तांड्यांवरून, कोलामपोडांवरून पेशंट आणला की सोबत सगळं घर येतं. गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी एकेका जीपमधून सात-आठ माणसं उतरतात. कुणी गोंडी बोलतं, कुणी कोलामी, कुणी गोरमाटी. आदिलाबादकडून आलेले तेलुगूत विचारतात. अशा वेळी दवाखान्याच्या दारात पहिली गाठ पडते ती सुरक्षारक्षकाची. तो माणूस तिथे उभा राहण्याआधी काय शिकतो, ते आपण क्रमाने पाहू. आपल्या घरातलं कुणी या कामाला जाणार असेल, तर त्यालाही हे माहीत असलेलं बरं.

आधी नेमणूक. ती तीन वाटांनी होते. राज्यात सुरक्षारक्षकांसाठी १९८१ चा कायदा झाला आणि त्याखाली मंडळं आली. तिथे रक्षकाची नोंद होते. खासगी एजन्सीला २००५ च्या केंद्रीय कायद्याखाली परवाना लागतो. तिसरी वाट म्हणजे २०१० च्या कायद्याने झालेलं महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळ. २०१७ मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला जबर मारहाण झाली, राज्यभर डॉक्टरांनी काम थांबवलं, आणि त्यानंतर सरकारी रुग्णालयांसाठी या महामंडळाचे ११०० जवान द्यायचं ठरलं.

खासगी एजन्सीत जाताना परवाना आधी बघून घ्या. गणवेशाचे किंवा जागेचे म्हणून कुणी रोख पैसे मागत असेल, तर तिथेच थांबा.

मग कागद आणि शरीर. वय १८ ते ६५, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. केंद्राच्या नमुना नियमांत पुरुषाची उंची १६० सेंटिमीटर, स्त्रीची १५०, आणि एक किलोमीटर सहा मिनिटांत धावणं आहे. पडताळणीला वेळ लागतो, म्हणून अर्ज लवकर करावा.

प्रशिक्षण त्याच नियमांप्रमाणे १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष, किमान २० दिवसांत. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना ते कमी असतं. गर्दी आवरणं, ओळखपत्र तपासणं, प्रथमोपचार, आग विझवणं, पोलिसांत फिर्याद देण्याची रीत, हे सगळं त्यात येतं. पुष्कळदा चूक इथेच होते: हजेरीपटावर तास भरतात, हातात आग विझवायचं नळकांडं एकदाही येत नाही.

ते नळकांडं वापरायची रीत सोपी आहे. पिन ओढायची, नळी ज्वाळेच्या बुडाशी धरायची, दांडी दाबायची आणि आडवी फिरवत राहायचं. वर उठलेल्या ज्वाळेवर मारलं तर आग विझत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. १७ बाळांपैकी १० गेली. ते आठवलं की वाटतं, रात्रपाळीच्या प्रत्येक रक्षकाला कोणता दरवाजा कुठे उघडतो, किल्ली कुणाकडे असते, हे अंधारातही सांगता आलं पाहिजे.

पण हे १६० तास कारखान्याच्या गेटलाही तेच आणि दवाखान्यालाही तेच. दवाखान्याचं फाटक वेगळं असतं. म्हणून पुढचे धडे रुग्णालयानेच द्यायला हवेत, आणि माझ्या मते खरं प्रशिक्षण तेच. स्ट्रेचर आलं की आधी वाट, नोंद नंतर. बाळ घेऊन कुणी बाहेर निघालं, तर सुट्टीचा कागद आणि आईची ओळख पाहायची. बाईची झडती बाईनेच घ्यायची. नातेवाईकांना थांबवताना ‘एक जण आत, बाकीचे इथे बसा, खबर मी आणतो’ एवढं वाक्य चार भाषांत यावं. दोन दिवसांत शिकता येतं, आणि अर्धी भांडणं तिथेच निवतात.

तरीही कुणी अंगावर गेलंच, तर? गणवेश घातला म्हणून पोलिसांचे अधिकार मिळत नाहीत. डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला, तर कोणताही नागरिक त्या माणसाला धरू शकतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे सहा तासांच्या आत पोलिसांकडे सोपवायचं. मारायचं नाही. डॉक्टर-नर्सवरचा हल्ला राज्याच्या २०१० च्या कायद्याने अजामीनपात्र आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, मोडतोडीची दुप्पट भरपाई.

राहिली ओळख. ड्युटीवर फोटोचं ओळखपत्र कमरेच्या वर, समोर दिसेल असं लावायचं, हा नियमच आहे. फाटकी दोरी, पुसट फोटो असेल तर एजन्सीकडून बदलून मागा, तो आपला हक्क आहे. दुसरी ओळख कागदावर मिळत नाही. वॉर्डातल्या सिस्टरला रक्षकाचं नाव ठाऊक असावं. आगीच्या सरावात त्यालाही बोलवावं. ‘अहो सिक्युरिटी’ असं हाकारण्याऐवजी आपणही छातीवरचं नाव वाचून हाक मारावी. रात्री तीनला कॅज्युअल्टीत गोंधळ झाला, तर सिस्टर ज्याला नावाने ओळखते, त्यालाच आधी हाक मारते, आणि तोही धावत येतो.