समजून घ्या : ‘एमआरसॅम’ दोनदा का पेटते?

‘एमआरसॅम’ हे जमिनीवरून हवेत मारा करणारे मध्यम पल्ल्याचे क्षेपणास्त्र. पल्ला सुमारे ७० किलोमीटर. ते अकोटमध्ये उभे केले, तर अकोला आणि अचलपूर ही दोन्ही शहरे त्याच्या छत्राखाली येतील.

कोणी बनवले?
डीआरडीओ आणि इस्रायल एअरोस्पेस इंडस्ट्रीज यांनी मिळून. हवाई दलासाठीचा करार २००९ मध्ये झाला. पहिली यंत्रणा ९ सप्टेंबर २०२१ रोजी जैसलमेर येथे दलाकडे सोपवण्यात आली.

वेगळेपण काय?
साध्या क्षेपणास्त्राचे इंधन सुरुवातीलाच जळून जाते. पुढे वेग मंदावतो आणि झटकन वळणारे विमान निसटू शकते. ‘एमआरसॅम’ची मोटार दोन टप्प्यांत पेटते. दुसरा टप्पा पुढच्या प्रवासासाठी राखलेला असल्याने ऐन मोक्याला जोर मिळतो. ही मोटार डीआरडीओने देशातच विकसित केली. अखेरच्या अंतरात क्षेपणास्त्राच्या टोकातील रडार स्वतःच लक्ष्य शोधते.

विदर्भाशी संबंध?
‘एमआरसॅम’चे उत्पादन हैदराबादची भारत डायनॅमिक्स करते. याच कंपनीने अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे आखलेला कारखाना मात्र अगदी कमी पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांसाठी आहे.