न पडणारा एमसीबी

स्वयंपाकघरात इंडक्शन शेगडी आली, दुसऱ्या बाथरूममध्ये गीझर बसला आणि डिसेंबरात सकाळी सातच्या सुमाराला घरातली लाईट जायला लागली, की वायरमनला फोन जातो. तो येतो, पेटी उघडतो, वरखाली बघतो आणि सांगतो, ‘‘साहेब, बत्तीसचा लोड घेत नाहीये. चाळीसचा टाकून देतो.’’ पंधरा मिनिटांत काम होतं. त्यानंतर लाईट जात नाही, घरातले खूश होतात. पण त्या पंधरा मिनिटांत घर आधीपेक्षा जास्त धोक्यात गेलेलं असतं. ते कसं, हे कळायला पेटीत काय चालतं ते नीट पाहावं लागतं. पेटी बदलायची वेळ आली आहे का, हेही त्यातूनच कळतं.

मीटरपासून घरात फेज आणि न्यूट्रल अशा दोन वायरी येतात. सोबत अर्थिंगची तिसरी, निदान असायला हवी. या वायरी ज्या पेटीत शिरतात तिला वायरमन डीबी म्हणतात, जुनी माणसं मेन स्विच म्हणतात. आत आधी मेन असतो, मग बऱ्या घरांत आरसीसीबी, आणि त्यानंतर एका रांगेत छोटे एमसीबी: दिवे-पंख्यांचा सहा किंवा दहा अँपिअरचा, गीझरचा सोळाचा, एसीचा वीसचा. खाली किंवा बाजूला दोन पितळी पट्ट्या, एक न्यूट्रलची आणि एक अर्थिंगची. एवढाच सगळा संसार.

यातला एमसीबी नेमका कुणाचा राखणदार, याबद्दल फार गैरसमज आहे. लोकांना वाटतं तो फ्रिज-टीव्ही वाचवतो. खरं तर तो भिंतीतली वायर वाचवतो. वायरीतून प्रवाह गेला की ती तापते, आणि प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. घरातल्या साध्या पीव्हीसी वायरीचं आवरण सत्तर अंश सेल्सिअसपर्यंत टिकेल अशा हिशेबाने बनवलेलं असतं. रोज त्याच्या वर गेलं, तर ते हळूहळू कडक होतं, तडकतं, आणि हे सगळं प्लास्टरच्या आत घडत असल्याने कुणाला दिसत नाही. म्हणून एमसीबीचा आकडा वायरीच्या कुवतीवरून ठरतो. घरात उपकरणं किती आहेत, यावरून तो ठरवणं म्हणजे उलटा हिशेब. पाइपातून नेलेली अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर साधारण वीस अँपिअर झेपवते आणि चारची सव्वीसच्या आसपास. वायर तीच ठेवून एमसीबी मोठा केला, तर राखणदाराला फक्त झोपवलेलं असतं.

एमसीबीच्या पोटात दोन यंत्रणा असतात. एक म्हणजे दोन धातूंची जोडपट्टी, जी तापली की वाकते आणि खटका सोडते. जास्त भार ती ओळखते, पण वेळ घेऊन. दुसरी म्हणजे तारेचं वेटोळं. शॉर्ट सर्किट झालं की प्रवाह एकदम कित्येक पट वाढतो, वेटोळ्याचं चुंबक जागं होतं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत खटका पडतो. ‘सी’ प्रकारचा एमसीबी आपल्या आकड्याच्या पाच ते दहा पट प्रवाहाला असा झटक्यात पडतो, ‘बी’ प्रकारचा तीन ते पाच पटीला.

जोडपट्टीचा हिशेब मात्र ढिला असतो. मानकाप्रमाणे, आकड्याच्या 1.13 पट प्रवाह तासभर वाहिला तरी एमसीबी पडता कामा नये, आणि 1.45 पट झाला तर तासाभरात पडलाच पाहिजे. मधल्या पट्ट्यात तो कधी पडेल याची खात्री नाही. शिवाय ही मोजणी तीस अंश तापमानाला केलेली असते. मे महिन्यात पेटीच तापलेली असली, तर तोच एमसीबी लवकर पडतो.

आता डिसेंबरातली ती सकाळ कागदावर मांडू. दोन गीझर प्रत्येकी 2 किलोवॅटचे, इंडक्शन 2, गरम पाण्यावर लावलेलं वॉशिंग मशीन 2, इस्त्री 1, आणि फ्रिज, दिवे, पंप मिळून अर्धा. साडेनऊ किलोवॅट झाले. 230 व्होल्टने भागलं, की 41 अँपिअर. बत्तीसच्या मेनवर ही सव्वापटीहून थोडी जास्त ओढ, म्हणजे नेमकी त्या मधल्या पट्ट्यातली. म्हणून तो कधी अर्ध्या तासाने पडतो, कधी पडतच नाही, आणि घरातले त्याला ‘खराब झालाय’ म्हणतात. चाळीसचा टाकला, तर 41 ला तो पडणारच नाही. पण मीटरपासून पेटीपर्यंतची वायर जुन्या फ्लॅटसारखी चार एमएमची असेल, तर तिच्यात सोसवेल त्याच्या अडीच पट उष्णता तयार होते. तिच्यासाठी मुळात बत्तीसचा मेनसुद्धा मोठाच होता.

हा हिशेब प्रत्येकाने आपल्या घरापुरता करावा, असं मला मनापासून वाटतं. उपकरणाच्या मागच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात. सगळ्यांची बेरीज करायची नाही, एका वेळी खरोखर काय काय चालू असतं तेवढंच धरायचं. आपल्याकडे लोक एसीला घाबरतात, पण दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर घेतो आणि खोली गार झाली की कमी. पाणी तापवणारी उपकरणं त्याहून भारी, म्हणून पुणे-नाशकात बऱ्याच घरांचा सर्वांत मोठा भार हिवाळ्यातल्या सकाळी असतो. आलेला आकडा वीजबिलावरच्या मंजूर भाराशी ताडून पाहा. तिथे दोन-तीन किलोवॅट लिहिलं असेल आणि तुमचा हिशेब आठ-नऊवर जात असेल, तर प्रश्न एकट्या पेटीचा उरत नाही.

आता लक्षणं. एमसीबी पडतो कधी, यावरून बरंच कळतं. वर केल्याकेल्या पडला तर शॉर्ट. पुन्हापुन्हा वर करून बघू नये, त्या लाइनवरची उपकरणं काढून वायरमनला बोलवावं. वीस-तीस मिनिटांनी पडत असेल तर भार जास्त आहे, किंवा त्याच्या टर्मिनलचा स्क्रू सैल होऊन तो भाग तापतो आहे. ही दुसरी गोष्ट फार घातक. सैल सांध्याचा रोध अर्धा ओहम झाला आणि त्यातून गीझरचे तेरा अँपिअर गेले, तर त्या नखाएवढ्या जागेत 80 वॅटहून जास्त उष्णता तयार होते. एमसीबीला यातलं काही दिसत नाही, कारण प्रवाह तेराच आहे. म्हणून पेटीजवळ जळका, माशासारखा वास येणं, गुणगुण ऐकू येणं, प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडणं, झाकणाला हात लावल्यावर चटका बसणं, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी मेन बंद करून माणूस बोलवावा.

न्यूट्रल सैल झाल्याचं लक्षण वेगळं असतं. काही दिवे एकाएकी प्रखर होतात आणि काही मंदावतात. थ्री फेज जोडणी असलेल्या घरात किंवा इमारतीत मुख्य न्यूट्रल तुटली, तर एखाद्या फेजवर 230 ऐवजी तीनशेच्या पुढे व्होल्ट जाऊ शकतात आणि टीव्ही-फ्रिज एका झटक्यात जळतात. अशा वेळी आधी मेन पाडायचा, विचार नंतर.

मला जास्त काळजी वाटते ती कधीच न पडणाऱ्या पेट्यांची. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या इमारतींत अजून चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आहेत. फ्यूज वाईट नसतो. तार योग्य असेल तर तो इमानाने वितळतो. पण दुकान बंद असताना कुणीतरी जाड तार गुंडाळलेली असते आणि ती तशीच राहते. त्याहून वाईट म्हणजे जुन्या पद्धतीत फेजला एक आणि न्यूट्रललाही एक फ्यूज असे. न्यूट्रलचा उडाला की दिवे बंद होतात, घरातल्यांना वाटतं लाईट गेली, आणि वायरीत मात्र 230 व्होल्ट तसेच जिवंत असतात. दिवा बंद आहे म्हणून होल्डरला हात घालणाऱ्याला ते कळायला मार्ग नसतो. अशी पेटी दिसली, तर ती चालते आहे की नाही हा प्रश्नच विचारू नये. ती बदलावी.

तिच्यामागची वायरही पाहावी. जुने वायरमन तिला ‘तीन-बावीस’, ‘सात-वीस’ म्हणत, म्हणजे बावीस गेजच्या तीन तारा किंवा वीस गेजच्या सात. तीन-बावीस म्हणजे आजच्या मापाने जेमतेम 1.2 स्क्वेअर एमएम. बल्ब आणि पंख्याला ती पुरेशी होती. त्याच लाइनवरून पुढे स्वयंपाकघरात मायक्रोवेव्हसाठी सॉकेट ओढलेला दिसला, तर नवी चकचकीत डीबी बसवून काही साधणार नाही. ॲल्युमिनियमची वायर असेल तर सांधे आणखी जपावे लागतात. हा धातू दाबाखाली पसरतो, त्याच्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि स्क्रू आपोआप सैल पडतात.

पेटी बदलण्याचं सर्वांत मोठं कारण मात्र माझ्या मते भार नाही, आरसीसीबी नसणं हे आहे. माणसाला शॉक लागतो तेव्हा एमसीबी पडेल, अशी अनेकांची समजूत असते. शरीरातून 30 मिलिअँपिअर गेले तरी जीव धोक्यात येतो, आणि सोळाचा एमसीबी 16,000 मिलिअँपिअरपर्यंत हलत नाही. माणूस चिकटलेला असताना तो शांतपणे वीज पुरवत राहतो. आरसीसीबीचं काम निराळं. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह तो सतत ताडून पाहतो. परतीला कमी आलं म्हणजे वीज कुठेतरी जमिनीत चालली आहे, कदाचित कुणाच्या तरी शरीरातून. फरक 30 मिलिअँपिअर झाला की त्याने सेकंदाच्या तीन दशांशांच्या आत पुरवठा तोडायचा असतो. त्यालाही मर्यादा आहेत. जास्त भार त्याला कळत नाही, म्हणून सोबत एमसीबी लागतोच. आणि एका हातात फेज, दुसऱ्या हातात न्यूट्रल धरली, तर तो वाचवू शकत नाही.

पावसाळ्यात आरसीसीबी वारंवार पडतो, म्हणून तो काढून वायरी थेट जोडल्याची उदाहरणं कोकणापासून विदर्भापर्यंत सापडतील. हे कधीही करू देऊ नका. तो पडतो कारण गच्चीवरच्या दिव्यात पाणी शिरलेलं असतं, पंपाची केबल भिजलेली असते किंवा गीझरची कॉइल फुटलेली असते. सगळे एमसीबी खाली करून आरसीसीबी वर करायचा, मग एकेक एमसीबी चढवायचा. ज्याला तो पडेल, ती लाइन दोषी. न्यूट्रलच अर्थिंगला कुठे चिकटली असेल, तर ही युक्ती फसते, कारण एमसीबी फक्त फेज तोडतो. मग वायरमनने मेगर लावून इन्सुलेशन मोजायला हवं. 500 व्होल्टच्या मेगरवर निदान एक मेगओहम यावा. त्याच्या खाली आलं, तर वायर थकली आहे.

काम काढलंच, तर ते पुरतं काढावं. मीटरपासूनची मेन वायर, डीबी, आरसीसीबी, गीझर आणि एसी यांच्या स्वतंत्र लाइनी आणि अर्थिंग हे सगळं एका हिशेबात बसायला हवं. घरी विजेची गाडी यायची असेल, तर आत्ताच सांगा. 3.3 किलोवॅटचा चार्जर 14 अँपिअर घेतो, 7.4 चा 32, आणि तो गीझरसारखा दहा मिनिटांत बंद होत नाही, रात्रभर चालतो. भार वाढवून घ्यायला वितरण कंपनीकडे अर्ज करावा लागतो, सोबत परवानाधारक विद्युत कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. भार मोठा असेल तर थ्री फेज मिळेल. त्याचा स्थिर आकार जास्त असतो, पण मग तिन्ही फेजवर भार सारखा वाटून घ्यायला सांगा, नाहीतर दोन्ही गीझर आणि शेगडी एकाच फेजवर पडतात. फ्लॅट असेल तर सोसायटीशी आधी बोला. खालच्या मीटररूमपासून वर आलेली केबल जुनी असेल, तर एकट्याच्या घरातली नवी पेटी तिथेच अडते.

काम झाल्यावर पैसे देण्याआधी तीन गोष्टी समोर करून घ्या. आरसीसीबीचं ‘टेस्ट’चं बटण दाबून तो पडतो का ते पाहा, आणि पुढे दर महिन्याला पाहत राहा. मेगरचा आकडा लाइनवार लिहून मागा. आणि डीबीच्या दाराला आतून एक कागद लावून घ्या: कोणता एमसीबी कुठल्या खोलीचा, आणि त्याच्यामागे वायर किती एमएमची. महिन्या-दोन महिन्यांनी तोच वायरमन परत बोलवून मेन बंद करून सगळे स्क्रू पुन्हा आवळून घ्या, कारण तांब्याच्या बारीक तारा दाबाखाली बसतात आणि पहिली आवळणी सैल पडते.