टॉम ब्रॅडली: वॉर्डात घडलेला महापौर

लॉस एंजेलिसच्या महापौरपदासाठी १ एप्रिल १९६९ रोजी पहिल्या फेरीचं मतदान झालं आणि सहा वर्षं नगरसेवक असलेला एक उंचापुरा, शांत माणूस सगळ्यांच्या पुढे निघाला. टॉम ब्रॅडली यांना ४२ टक्के मतं मिळाली, तर विद्यमान महापौर सॅम यॉर्टी यांना जेमतेम २६. निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नव्हती, म्हणून नियमाप्रमाणे पहिल्या दोघांत पुन्हा लढत झाली. आठ आठवड्यांनी झालेल्या त्या दुसऱ्या फेरीत ब्रॅडली हरले.

आपल्याकडच्या वाचकाला तिथली व्यवस्था जरा वेगळी वाटेल. मुंबईत २२७ नगरसेवक. ते आपल्यातून अडीच वर्षांसाठी महापौर निवडतात आणि तिजोरीच्या किल्ल्या मात्र आयुक्तांच्या कमरेला. लॉस एंजेलिसमध्ये नगरसेवक फक्त पंधरा. १९६० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेपंचवीस लाखांच्या घरात होती, म्हणजे एकेका नगरसेवकामागे दीड लाखावर माणसं. महापौराला जनता थेट निवडते, मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं, आणि हे पंधरा जण अंदाजपत्रकापासून नेमणुकांपर्यंत महापौराची वाट अडवू शकतात. नगरसेवकपदावर खूश राहून आयुष्य काढणारे तिथे पुष्कळ, यात नवल नाही.

ब्रॅडली त्यांतले नव्हते. १९१७ मध्ये टेक्सासातल्या कॅल्व्हर्ट गावी, दुसऱ्याच्या जमिनी वाट्याने कसणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्यांचे आजोबा गुलाम होते. मुलगा सात वर्षांचा असताना कुटुंब लॉस एंजेलिसला आलं. वडील रेल्वेत हमाली करत आणि आई घरकामं. धावण्यातल्या कौशल्यामुळे ब्रॅडलींना विद्यापीठात शिष्यवृत्ती मिळाली, पण १९४० मध्ये शिक्षण अर्धवट टाकून ते पोलिसांत भरती झाले. तिथे एकवीस वर्षं काढली आणि लेफ्टनंट झाले. गोऱ्या आणि काळ्या पोलिसांनी एका गाडीतून गस्त घालायची नाही, असा तेव्हाचा शिरस्ता. वरच्या बढतीचं दार आपल्याला बंद आहे हे ओळखून त्यांनी नोकरी करता करता कायद्याची पदवी घेतली. गोऱ्यांच्या वस्तीत घर घ्यायचं तर त्यासाठी गोरा मध्यस्थ पुढे करावा लागला.

दहाव्या वॉर्डाची जागा १९६१ मध्ये रिकामी झाली. ब्रॅडलींचंही नाव पुढे होतं, पण नगरसेवकांच्या परिषदेने एका गोऱ्या माणसाची नेमणूक केली. दोन वर्षांनी त्याच माणसाला निवडणुकीत पाडून ब्रॅडली परिषदेत आले.

माझ्या मते त्यांच्या पुढच्या सगळ्या राजकारणाचा नमुना याच वॉर्डात तयार झाला. इथे कृष्णवर्णीय मतदार बहुसंख्य नव्हते. उदारमतवादी ज्यू होते, जपानी वंशाची कुटुंबं होती, डेमोक्रॅटिक क्लबांतले गोरे कार्यकर्ते होते. केवळ आपल्या समाजाच्या मतांवर निवडून येण्याची सोयच नव्हती. पोलिसांत असताना वस्त्यावस्त्यांच्या बैठकांना जाण्याची सवय लागली होती, ती इथे कामी आली. मग ऑगस्ट १९६५ मध्ये वॉट्स भागात दंगल पेटली. चौतीस माणसं मेली. हा भाग त्यांच्या वॉर्डाबाहेरचा, तरीही पोलिसांच्या वागणुकीची चौकशी व्हावी असं ब्रॅडली परिषदेत ठासून म्हणाले. पोलीस प्रमुख विल्यम पार्कर आणि महापौर यॉर्टी या दोघांशीही त्यांचं वाकडं झालं.

यॉर्टींनी १९६९ मध्ये नेमका याचाच वापर केला. ब्रॅडली आले तर पोलीस राजीनामे देतील, जहाल कृष्णवर्णीय संघटना शहर ताब्यात घेतील, असा प्रचार झाला. ब्रॅडलींच्या प्रचारयंत्रणेत एक माजी कम्युनिस्ट सापडला, त्याचं भांडवल केलं गेलं. एकवीस वर्षं वर्दी घातलेल्या माणसाला पोलिसांचा शत्रू ठरवण्याची ही करामत चालली, हे निकालानेच दाखवलं. यॉर्टींना सुमारे ५३ टक्के, ब्रॅडलींना ४७. जनमत चाचण्या तोंडघशी पडल्या.

पराभवानंतर ब्रॅडली घरी बसले नाहीत, कारण नगरसेवकपद शाबूत होतं. परिषदेत बसून ते पॅसिफिक पॅलिसेड्सच्या किनाऱ्यालगत तेलविहिरी खोदण्याला विरोध करत राहिले आणि त्यातून श्रीमंत गोऱ्या वस्त्यांनाही हा माणूस आपला वाटू लागला. १९७३ मध्ये पुन्हा यॉर्टीच समोर. या वेळी दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातींवर भर होता, आणि भीतीचं तेच नाणं दुसऱ्यांदा चाललं नाही. शहरात कृष्णवर्णीयांचं प्रमाण पाचांत एकही भरत नव्हतं, तरी ब्रॅडलींनी सुमारे ५६ टक्के मतं घेतली.

ही धरून सलग पाच वेळा निवडून येऊन त्यांनी वीस वर्षं कारभार केला. १९८४ च्या ऑलिंपिकवर शहराचा पैसा खर्च करायचा नाही असा कौल मतदारांनी आधीच दिला होता. खासगी समितीने ते खेळ भरवले आणि वीस कोटी डॉलरहून अधिक शिल्लक उरवली. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाचं गव्हर्नरपद थोडक्यात हुकलं. चाचण्यांत पुढे असलेला कृष्णवर्णीय उमेदवार प्रत्यक्ष मतदानात मागे पडतो, या प्रकाराला अमेरिकेत तेव्हापासून ‘ब्रॅडली इफेक्ट’ म्हणतात. ज्या तेलविहिरींना विरोध करून ते मोठे झाले, त्यांनाच १९८५ मध्ये त्यांनी परवानगी दिली. तीन वर्षांनी मतदारांनी ती योजना हाणून पाडली.

आणि पोलिसांचं जुनं दुखणं शेवटी उलटलंच. १९९२ च्या एप्रिलअखेर, रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणारे पोलीस सुटल्यावर शहर पुन्हा पेटलं, पन्नासहून अधिक माणसं गेली. पोलीस प्रमुख डॅरिल गेट्स आणि महापौर एकमेकांशी वर्षभर बोलतही नव्हते, पण नोकरीच्या संरक्षणामुळे महापौराला त्यांना काढता येत नव्हतं. तो नियम मतदारांनी जून १९९२ मध्ये बदलला. पुढच्या वर्षी सहाव्या कार्यकाळासाठी ब्रॅडली उभे राहिले नाहीत. त्यांच्या जागी उद्योजक रिचर्ड रिऑर्डन आले. त्यांनी हरवलेले उमेदवार मायकेल वू हे नगरसेवक होते.