वर्धा शिक्षण योजना

वर्धा शिक्षण योजना (अन्य नावे: नई तालीम, मूलोद्योग शिक्षण) ही महात्मा गांधी यांनी मांडलेली हस्तोद्योगकेंद्री शिक्षणपद्धती होय. शाळा सोडताना मुलाच्या हाती उपजीविकेचे साधन असावे, हा तिचा एक प्रमुख हेतू होता.

इतिहास

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने अभ्यासक्रम आखला. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनात काँग्रेसने योजनेचे तत्त्व स्वीकारले. सेवाग्राम हे तिच्या प्रयोगाचे केंद्र बनले.

स्वरूप

मातृभाषेतून सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण योजनेत अभिप्रेत होते. साडेपाच तासांच्या शालेय दिवसापैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगासाठी राखलेली होती. सूतकताई करताना सुताची लांबी व वजन मोजून गणित, तर कापसाच्या पिकावरून निसर्गविज्ञान व भूगोल शिकवला जाई.

रोजगार व मर्यादा

मुलांनी बनवलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकांचे वेतन निघावे, ही अपेक्षा वादग्रस्त ठरली. त्यातून शाळेचे कारखान्यात रूपांतर होईल, असा टीकाकारांचा आक्षेप होता. स्वातंत्र्यानंतर शासनाने योजना मान्य केली. तथापि महाविद्यालयीन प्रवेश व नोकरभरती पुस्तकी परीक्षांवरच अवलंबून राहिली. परिणामी अनेक पालकांना हे शिक्षण दुय्यम वाटले. गिरणीच्या कापडापुढे हातसुतास बाजारपेठही मर्यादित होती.

वारसा

कोठारी आयोगाने (१९६४–६६) ‘कार्यानुभव’ या विषयाची शिफारस केली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये इयत्ता ६ वी ते ८ वीसाठी व्यवसायांची प्रत्यक्ष ओळख सुचवली आहे.