फिरकी अष्टपैलू : सरासरीच्या पलीकडे

सांगोल्यात टेनिस बॉलच्या सामन्यात जो चार षटकं टाकतो आणि वीसेक धावा काढतो, तो सरळ ऑलराउंडर ठरतो. कसोटीत हिशेब वेगळा असतो. तिथे फलंदाजीची सरासरी गोलंदाजीच्या सरासरीपेक्षा जास्त हवी, असा रूढ निकष आहे.

या निकषावर नाशिकचे बापू नाडकर्णी नापास होतात. 41 कसोटींत 1414 धावा, सरासरी 25.70, बळी 88, सरासरी 29.07. पण षटकामागे त्यांनी दिल्या अवघ्या 1.67 धावा! जानेवारी 1964 मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी 32 षटकांत फक्त 5 धावा दिल्या. 27 षटकं निर्धाव, त्यातली 21 सलग. बळी एकही नाही. धावफलकावर हे शून्यच दिसतं. पण एक टोक असं बांधून ठेवलं की धावांसाठी फलंदाजाला दुसऱ्या गोलंदाजावर धोका पत्करावा लागतो. त्याच मालिकेत कानपूरला त्यांनी नाबाद 52 आणि फॉलोऑननंतर नाबाद 122 धावा करून कसोटी वाचवायला मोठा हातभार लावला.

पुण्याचे चंदू बोर्डे यांचं उलट. 35.59 च्या सरासरीने 3061 धावा करणारा हा मुळात फलंदाज. त्यांच्या लेगस्पिनचे 52 बळी ही जोड.

म्हणून आधी एकच विचारावं : एक कला काढून घेतली, तर दुसरीच्या जोरावर हा संघात राहील का? बोर्डे फलंदाज म्हणून राहिले असते, आणि माझ्या मते बापू गोलंदाज म्हणून.