अविकारी वस्तू आणि बेभरवशाच्या तारखा

संगणकाच्या स्मृतीतील कोणतीही नोंद पुसून तिच्या जागी दुसरी लिहिता येते, आणि प्रोग्रॅमिंगची निम्मी विद्या याच सोयीवर उभी आहे. असे असताना जावा आणि पायथॉन या दोन मातब्बर भाषांनी आपल्या स्ट्रिंगांना, म्हणजे अक्षरांच्या मालिकांना, एकदा निर्माण झाल्यावर कसलाही फेरफार करून घेण्याची मनाई करावी, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. ‘गाव’ या नावाखाली ‘सातारा’ ही स्ट्रिंग ठेवून पुढच्याच ओळीत तिला ‘शहर’ जोडले, तर काम बिनतक्रार होते. मग मनाई ती कसली? मूळ ‘सातारा’ अबाधित राहून ‘सातारा शहर’ ही सर्वस्वी नवी वस्तू निर्माण होते, आणि ‘गाव’ हे नाव तेवढे जुनीवरून उठून नवीवर जाऊन बसते. नोंदणीकृत दस्तात चूक निघाली तरी त्यात खाडाखोड न करता चूक-दुरुस्तीचा स्वतंत्र दस्त करावा लागतो, तशातलाच हा प्रकार.

नव्या वस्तूंपायी मेमरी खर्ची पडते, हे खरे; परंतु जी वस्तू बदलणारच नाही, ती अनेक थ्रेडांनी, म्हणजे प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या धाग्यांनी, एकाच वेळी वाचली तरी कुलूपकिल्लीची तजवीज करावी लागत नाही.

तथापि न बदलण्याची ही हमी पुष्कळदा वरवरची असते, आणि नवशिक्यांची फसगत होते ती इथेच. पायथॉनचा टपल, म्हणजे अनेक वस्तूंची ठरीव मालिका, अविकारी खरा, पण त्याच्या पोटातील लिस्टमध्ये, म्हणजे बदलत्या यादीत, खुशाल भर घालता येते. कारण टपल जामीन राहतो तो आपल्या जागी कोण बसले आहे यापुरता, बसणाऱ्याच्या वर्तनाला नव्हे. असा टपल डिक्शनरीची की, म्हणजे नोंद शोधण्याची न बदलणारी खूण, म्हणून पुढे केला, तर पायथॉन तो तत्काळ नामंजूर करतो, आणि ते योग्यच आहे.

स्ट्रिंगबाबत दाखवलेला विवेक जावाच्या कर्त्यांनी तारखेबाबत मात्र दाखवला नाही. १९९६ च्या पहिल्या आवृत्तीतील ‘डेट’ ही वस्तू बदलता येत असे. त्यामुळे कर्मचाऱ्याच्या नोंदीने आपली रुजू होण्याची तारीख पगाराच्या हिशेबाला नुसती पाहण्यासाठी दिली, आणि त्याने आपल्या सोयीसाठी ती दहा दिवस पुढे ढकलली, तर मूळ नोंदीतील तारीखही बदलते, सेवाज्येष्ठता बिघडते, आणि नोंदीला त्याचा पत्ता नसतो. मूळ वस्तूऐवजी दर वेळी तिची नक्कल द्यावी, हा यावरचा जुना तोडगा. २०१४ साली जावाच्या आठव्या आवृत्तीने तारीख-वेळेचा नवा, अविकारी संच आणला. परंतु जुन्या प्रोग्रॅमांची अडचण होऊ नये म्हणून ती बदलती ‘डेट’ आजही जावाच्या दफ्तरी कायम आहे.